चेक इंजिनचा दिवा विझतो आणि पुन्हा लागतो: मर्सिडीज एम२७२ इंजिनात दोष नेमका कुठे शोधायचा?

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. दिवा लागला, स्कॅनर लावला, कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) कोड निघाला, सेन्सर बदलला, दिवा गेला. आठ-पंधरा दिवसांनी तोच दिवा, तोच कोड. मग मॅग्नेट बदलले जातात, नंतर टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून) कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी, बदलण्याची भाषा सुरू होते. गाडी मात्र चालायला ठीक असते. आवाज नाही, धूर नाही, ओढही फारशी कमी झालेली नाही. म्हणूनच या इंजिनात चुकीचे निदान फार होते.

एम२७२ मध्ये कॅमशाफ्टच्या कोडमागे मुख्यतः तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: एक, मॅग्नेटमधून वायरिंगमध्ये शिरलेले ऑइल; दोन, स्वतः बिघडलेला सेन्सर, मॅग्नेट किंवा अॅडजस्टर (कॅमशाफ्टची वेळ पुढे-मागे करणारा भाग); आणि तीन, इंजिनाचा कंप मारणाऱ्या बॅलन्स शाफ्टच्या गिअरचे झिजलेले दात. पहिल्या दोन गोष्टींचे काम काही तासांत उरकते. तिसरीसाठी इंजिन खाली उतरवावे लागते. ती तिसरी आहे की नाही, हे एकही पार्ट विकत न घेता ठरवता येते. त्यामुळे आधी तपासणी, मग खरेदी.

इंजिनाची ओळख

एम२७२ हे ९० अंशांचे व्ही६ पेट्रोल इंजिन २००४ मध्ये एसएलके ३५० मधून आले आणि पुढे सी, ई, सीएलएस, एस, एमएल, आर अशा बहुतेक मालिकांत बसले. सर्वाधिक दिसते ते ३४९८ सीसीचे: बोअर ९२.९ मिमी, स्ट्रोक ८६ मिमी, कॉम्प्रेशन १०.७:१, ताकद २०० किलोवॅट म्हणजे २७२ पीएस, टॉर्क ३५० न्यूटन-मीटर, तोही २४०० ते ५००० आरपीएमपर्यंत सपाट. याच घराण्यात २४९६ सीसीचे २०४ पीएस आणि २९९६ सीसीचे २३१ पीएसचे इंजिन आहे. सीएलएसमध्ये थेट इंजेक्शनची सीजीआय आवृत्ती २९२ पीएस देते. ब्लॉक आणि हेड अॅल्युमिनियमचे, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. आधीच्या एम११२ मध्ये दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग होते, इथे एकच आहे. फायरिंग ऑर्डर १-४-३-६-२-५. सिलिंडर १, २, ३ उजव्या बाजूला आणि ४, ५, ६ डाव्या बाजूला. उजवी-डावी म्हणजे गाडीत पुढे तोंड करून बसल्यावरची. बॉनेट उघडून समोर उभे राहिलात की बाजू उलटतात, आणि नेमका इथे घोळ होतो. स्कॅनरवरची बँक १ म्हणजे उजवी बाजू, हे डोक्यात पक्के ठेवा.

चारही कॅमशाफ्टना, म्हणजे दोन इनटेक आणि दोन एक्झॉस्ट, ऑइलच्या दाबावर फिरणारे अॅडजस्टर आहेत. प्रत्येक अॅडजस्टरसमोर पुढच्या कव्हरमध्ये एक इलेक्ट्रिक मॅग्नेट बसतो. तो मधल्या व्हॉल्व्हला ढकलून ऑइल कुठे जाईल ते ठरवतो. त्याखेरीज प्रत्येक कॅमशाफ्टची जागा वाचणारा एक हॉल (चुंबकीय) सेन्सर आहे. म्हणजे चार अॅडजस्टर, चार मॅग्नेट, चार सेन्सर. ही समानता निदानाला फार उपयोगी पडते, कारण एक बाजू बिघडली तरी तुलनेला दुसरी बाजू शेजारीच असते.

९० अंशांच्या व्ही६ ला मुळातच एक कंप असतो. तो मारण्यासाठी ब्लॉकच्या व्हीमध्ये एक बॅलन्स शाफ्ट ठेवला आहे. तो क्रँकच्याच वेगाने, पण उलट दिशेने फिरतो. त्याला फिरवते तीच टायमिंग चेन. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ इथे आहे.

गिअर झिजतो म्हणजे काय होते

सुरुवातीच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टच्या पुढच्या टोकाचा गिअर सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून-भाजून केलेल्या पोलादाचा होता. तो पुरेसा कठीण निघाला नाही. चेनच्या घासण्याने त्याचे दात एका बाजूने झिजत जातात आणि टोके शार्कच्या परासारखी वाकलेली दिसू लागतात. चेन त्या दातांमध्ये जरा खोल बसते, त्यामुळे तिच्या वाटेत सैलपणा येतो. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) तो सैलपणा ओढून घेतो, म्हणून खडखड ऐकू येत नाही. मात्र त्या बदल्यात उजव्या बाजूचे दोन्ही कॅमशाफ्ट क्रँकच्या मानाने मागे पडतात. डावी बाजू जागेवर राहते.

कंट्रोल युनिटला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, एवढेच दिसते की उजवा इनटेक आणि उजवा एक्झॉस्ट, दोघेही अपेक्षेपेक्षा उशिरा येत आहेत. मर्सिडीजच्या स्वतःच्या डायग्नोसिसमध्ये त्याचे कोड १२०० आणि १२०८. कोणत्याही गाडीला चालणाऱ्या साध्या ओबीडी स्कॅनरवर हेच पी००१६ आणि पी००१७ म्हणून दिसतात.

कोणत्या इंजिनात हा धोका आहे, ते इंजिन नंबरवरून कळते. नंबरची रचना अशी असते: आधी २७२९ ने सुरू होणारे सहा अंक, मग ३०, मग शेवटचे सहा अंक. शेवटचे सहा अंक ४६८९९३ पर्यंत असतील तर जुना गिअर. त्यापुढच्या इंजिनांत सुधारित गिअर आहे. सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर दिला की मूळ इंजिन नंबर मिळतो. पण गाडीत मधल्या काळात दुसरे इंजिन बसवले गेले असेल तर तो उपयोगाचा नाही. तेव्हा ब्लॉकवर कोरलेला नंबरच वाचावा लागतो.

व्ही८ एम२७३ (५४६१ सीसी, ३८८ पीएस) मध्ये बॅलन्स शाफ्ट नाही. तिथे त्याच जागी चेन वळवणारा आयडलर गिअर आहे, आणि तोही याच कारणाने झिजतो. त्याची मर्यादा शेवटच्या सहा अंकांत ०८८६११. कोड तेच, तपासणीचा विचारही तोच.

नंबर या मर्यादेच्या आत आहे म्हणून गिअर गेलाच असे धरू नका. तितकेच महत्त्वाचे, नंबर बाहेर आहे म्हणून कोडकडे दुर्लक्षही करू नका. मॅग्नेट आणि वायरिंगचे दोष सगळ्याच एम२७२ मध्ये येतात.

कोड वाचताना जोडी बघा

एकटा कोड फार काही सांगत नाही, जोडी सांगते.

पी००१६ आणि पी००१७ दोन्ही एकत्र, म्हणजे उजवे इनटेक व एक्झॉस्ट, आणि डाव्या बाजूचा एकही कोड नाही: बॅलन्स शाफ्टच्या गिअरचा संशय सर्वात वर. कोड पुसल्यावर तीच जोडी पुन्हा आली तर संशय आणखी घट्ट.

फक्त एकाच कॅमशाफ्टचा कोड, बाजू कोणतीही असो: आधी त्याचा मॅग्नेट, सेन्सर आणि कनेक्टर. यांत्रिक सैलपणा एका बाजूच्या एकाच कॅमला क्वचितच मागे टाकतो. तरी उजव्या बाजूला झीज सुरू होत असताना दोहोंपैकी एक कोड आधी येतो आणि दुसरा काही दिवसांनी, हेही घडते. म्हणून उजवीकडचा एकटा कोड असेल तर खालची ३०५ अंशांची तपासणी करूनच पुढे जा.

पी००१० किंवा पी००१३ सारखे सर्किटचे कोड, किंवा पी०३४० च्या गटातले सेन्सरचे कोड: हा विजेचा मामला आहे. चेनकडे जाण्याआधी वायरिंग बघा.

चारही कॅमशाफ्टचे किंवा वेगवेगळ्या भागांचे असंबद्ध कोड, सोबत ऑक्सिजन सेन्सरचे कोडही: वायरिंगमध्ये ऑइल शिरल्याची खूण. असे वाचले की कंट्रोल युनिट बदलण्याचा सल्ला लगेच मानू नका.

पी०१७१ आणि पी०१७४ हे लीन मिश्रणाचे (हवा जास्त, पेट्रोल कमी) कोड कॅमच्या कोडसोबत असतील तर क्रँककेस ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी वाट) आणि इनटेकची हवागळती वेगळी तपासा. ती दुसरी समस्या आहे, पहिलीशी मिसळू नका.

आणि या सगळ्याच्या आधी डिपस्टिक. अॅडजस्टर ऑइलच्या दाबावर चालतात. ऑइल कमी, जुने किंवा चुकीच्या ग्रेडचे असेल तर कॅम सांगितल्या जागी वेळेत पोचत नाही आणि पी००११ सारखा कोड येतो. या इंजिनात फिल्टरसह सुमारे ८ लिटर ऑइल लागते आणि ते एमबी २२९.५ मान्यतेचे हवे. पातळी नीट करून, कोड पुसून गाडी काही दिवस चालवली की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

मॅग्नेटचे ऑइल: सर्वात सोपी आणि सर्वात दुर्लक्षित तपासणी

चार मॅग्नेट इंजिनाच्या पुढच्या तोंडावर, दोन-दोन करून, प्रत्येक हेडसमोर दिसतात. इंजिन थंड असताना एकाचा कनेक्टर काढा. पांढऱ्या टिश्यूच्या कोपऱ्याला पीळ देऊन तो कनेक्टरच्या पिनांमध्ये हलकेच फिरवा. कोरडा बाहेर आला तर उत्तम. टोकावर पिवळसर-तपकिरी डाग उमटला तर मॅग्नेटच्या आतले सील गेले आहे आणि ऑइल पिनांपर्यंत पोचले आहे. बाहेरून मॅग्नेट अगदी स्वच्छ दिसत असला तरी आतून गळत असू शकतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. चारही मॅग्नेट असेच तपासा.

इथे खरे नुकसान मॅग्नेटचे नसते. ऑइल तांब्याच्या तारांमधल्या सूक्ष्म फटींतून, वातीतून तेल चढावे तसे, वायरिंगमध्ये वर चढते आणि कंट्रोल युनिटच्या कनेक्टरपर्यंत पोचते. तिथून दुसऱ्या सेन्सरांकडेही जाते. म्हणून एका मॅग्नेटमध्ये डाग दिसला की कंट्रोल युनिटचा मोठा कनेक्टर उघडून तिथेही टिश्यू फिरवा. बॅटरीचे निगेटिव्ह आधी सोडायला विसरू नका.

तिथे ऑइल नसेल तर वेळेत सापडले असे समजा. मॅग्नेट बदला आणि प्रत्येक मॅग्नेट व वायरिंगच्या मधे छोटी जोडवायर घाला. ती याच कामासाठी मिळते. पुढे कधी मॅग्नेट गळला तरी ऑइल त्या जोडवायरमध्येच अडते आणि मुख्य वायरिंग वाचते. मॅग्नेटचा पार्ट नंबर ए २७२ ०५१ ०१ ७७, चारही जागी तोच. चारपैकी एक गळत असेल तर चारही एकदमच बदलावेत, हे आमचे ठाम मत आहे. सगळ्यांचे वय सारखेच असते आणि काम दोनदा करण्यात अर्थ नाही.

कंट्रोल युनिटपर्यंत ऑइल पोचले असेल तर कनेक्टर आणि पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग जोडा. तारांमधले ऑइल पुढे काही आठवडे झिरपत राहते, म्हणून ही सफाई दोन-तीन वेळा करावी लागते. एकदा पुसून कोड परत आला म्हणजे कंट्रोल युनिट गेले असे नाही.

मॅग्नेट कोरडा आहे पण त्याच कॅमचा कोड येत राहतो, तर अदलाबदल करा. उजव्या इनटेकचा मॅग्नेट डाव्या इनटेकला आणि तिकडचा इकडे. कोड पुसा, गाडी चालवा. कोड मॅग्नेटसोबत बाजू बदलून गेला तर दोष मॅग्नेटचा. जागेवरच राहिला तर सेन्सरांची तशीच अदलाबदल करा. तरीही जागेवरच, तर उरतात अॅडजस्टर, वायरिंग आणि चेनची बाजू.

३०५ अंशांची तपासणी

झिजलेला गिअर प्रत्यक्ष न पाहता त्याचा परिणाम मोजण्याची ही पद्धत. उपकरण काही विशेष लागत नाही: क्रँकच्या बोल्टसाठी २७ मिमी सॉकेट आणि लांब रॅचेट, चांगला टॉर्च, छोटा आरसा. एवढ्या तयारीवर इंजिन उतरवायचे की नाही हा निर्णय होतो, म्हणून घाई करू नका.

१. इंजिन थंड, गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, किल्ली बाहेर. इंजिन कव्हर आणि समोर अडणारे हवेचे पाइप काढा.

२. चारही कॅमशाफ्ट सेन्सर काढा. प्रत्येक सेन्सर एकाच बोल्टवर असतो. कोणता कुठला ते खुणेने लिहून ठेवा. भोके उघडी असताना आत काही पडू देऊ नका.

३. क्रँक फक्त त्याच्या चालण्याच्या दिशेने, समोरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, सावकाश फिरवा. क्रँक पुलीवर अंशांच्या खुणा कोरलेल्या आहेत आणि टायमिंग कव्हरवर काटा आहे. ३०५ ची खूण काट्यासमोर आणा. खूण ओलांडली तर मागे फिरवू नका. मागे फिरवले की चेनचा सैलपणा दुसऱ्या बाजूला जातो आणि वाचन खोटे येते. पुन्हा दोन फेऱ्या पुढे फिरवून या.

४. आता सेन्सरच्या भोकांतून आत बघा. कॅमशाफ्टच्या टोकाला सेन्सरने वाचायची एक पट्टीची चकती असते. तिची कडा भोकात दिसली पाहिजे. कडा दिसतच नसेल तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरी फिरवा, कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि ३०५ ची खूण दर फेरीला येते.

५. आधी डावी बाजू बघा. तिथे कडा भोकाच्या मध्यावर असेल. मग उजवी. दोन्हीकडे कडा मध्यावर असेल तर टायमिंग ठीक आहे, बॅलन्स शाफ्टला हात लावू नका आणि विजेच्या दोषाकडे परत जा. डावीकडे मध्यावर, पण उजवीकडे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींची कडा मध्यापासून एकाच अर्थाने, उशिराच्या बाजूला सरकलेली असेल, तर गिअर झिजला आहे.

भोकाचा फोटो काढताना मोबाइल तिरका धरला की कडा सरकल्यासारखी दिसते. डोळा किंवा कॅमेरा भोकाच्या अगदी सरळ रेषेत हवा. काठावरचे प्रकरण असेल तर दोन फेऱ्या फिरवून तेच वाचन पुन्हा घ्या. दोन वेळा सारखे आले तरच त्यावर निर्णय घ्या. डावी बाजूही मागे दिसली तर चेनची लांबी वाढली असण्याचा विचार करा.

गिअरच असेल तर

गिअर शाफ्टपासून वेगळा मिळत नाही, बॅलन्स शाफ्ट पूर्ण बदलावा लागतो. त्यासाठी इंजिन बाहेर काढून पुढचे टायमिंग कव्हर उतरवणे हीच खात्रीची वाट. गाडीतच उरकतो असे कुणी म्हणाले तर तो पुढचे कव्हर आणि मागची बाजू कशी उघडणार आहे, ते स्पष्ट विचारा.

चेन बदलून हा दोष जात नाही. नवी चेन जुन्या झिजलेल्या दातांवर चढवली तर कोड काही दिवस गप्प बसेल, आणि मग नवी चेनही खराब होईल. उलट, शाफ्ट नवा टाकून जुनीच चेन ठेवणेही चूक. त्या दातांवरून धावलेली चेन नव्या गिअरला घासत राहील. शाफ्ट, चेन, टेन्शनर आणि गाइड रेल हे चार एकत्र बदला.

टेन्शनरबद्दल एक सूचना, कारण इथे झालेली चूक इंजिनाच्या जिवावर बेतते. तो एकदा थोडा जरी सैल केला तरी तसाच परत आवळू नका. त्याचा पिस्टन दात्यांवर पुढे सरकून अडकतो आणि परत आवळल्यावर चेनवर नको इतका ताण देतो. तो पूर्ण काढा, उघडून मूळ स्थितीत आणा, मगच बसवा.

इंजिन बाहेर आहे तोवर क्रँकचे पुढचे-मागचे सील, हेडच्या मागच्या बाजूचे कॅमशाफ्टचे प्लग, ब्रीदर कव्हरचे सील आणि थर्मोस्टॅट बदलून टाका. यांतल्या मागच्या बाजूच्या जागा गाडीत हाताला सहज लागत नाहीत. हेडच्या मागचे प्लग म्हातारे झाले की ऑइल गरम एक्झॉस्टवर टपकते आणि केबिनमध्ये जळका वास येतो. लोक तो वास व्हॉल्व्ह कव्हरचा समजून भलतेच गॅस्केट बदलतात.

इनटेक मॅनिफोल्ड उतरलाच आहे तर त्याच्या आतल्या फ्लॅपचे प्लास्टिकचे लिव्हर बघा. ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ आणि काजळी बसून फ्लॅप जड होतात, आणि व्हॅक्यूम अॅक्च्युएटरच्या ओढीने लिव्हर तुटतो. त्याचे कोड पी२००४ ते पी२००६. हाताने फ्लॅप फिरवून बघा. ते न अडकता फिरले पाहिजेत. लिव्हरला केसासारखी चीर दिसली तरी तो गेला समजा.

जोडणी झाल्यावर स्टार्टर मारण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठे अडले तर जोर लावू नका, थांबा आणि शोधा. त्यानंतर पुन्हा ३०५ अंश लावून चारही भोके बघा. चौघांचीही कडा मध्यावर असेल तरच सेन्सर बसवा. पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दाब तयार होईपर्यंत अॅडजस्टरचा थोडा आवाज येतो, तो काही क्षणांत थांबला पाहिजे. कोड पुसून, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवून, थंड होऊ देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन करा. १२०० आणि १२०८ साठवलेल्या यादीतही आणि सध्याच्या यादीतही नसले पाहिजेत.

तोपर्यंत गाडी चालवावी का?

झीज सावकाश वाढते, त्यामुळे कोड आल्याच्या दिवशी गाडी उभी करण्याची गरज नाही. पण झिजलेल्या दातांचा धातू ऑइलमध्येच जातो. ऑइल फिल्टर बदलताना त्याची घडी उलगडून उजेडात बघा. चमचमती भुकटी किंवा चुंबकाला चिकटणारे कण दिसले तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका. ३०५ च्या वाचनात कडा भोकाच्या पार काठावर गेली असेल किंवा सुरू होताना चेनचा खडखडाट ऐकू येत असेल, तर गाडी ओढून न्या.

जुनी एम२७२ गाडी घेत असाल तर इंजिन नंबर मर्यादेच्या आत आहे का, बॅलन्स शाफ्ट बदलल्याची पावती आहे का, आणि पावतीवर नवा शाफ्ट लिहिला आहे की नुसती चेन, एवढे तीन प्रश्न विचारा. विकणाऱ्याने नुकतेच कोड पुसले असतील तर स्कॅनरवर रेडिनेसच्या, म्हणजे गाडी स्वतः करते त्या तपासण्यांच्या, चाचण्या अपूर्ण दिसतात. तसे दिसले तर गाडी गरम होईपर्यंत चालवून, दुसऱ्या दिवशी परत येऊन पुन्हा स्कॅन करा.